गोदाआत्याने सोडलेला फणस

आत्या गेल्याची बातमी मला रेल्वेच्या एका गार्डाने आणून दिली. मी परभणीला मुलींच्या शाळेत शिकवते आणि आईबाबा हिंगोलीला असतात. बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण घरचा निरोप पोस्टाने पाठवावा हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. जन्म स्टेशनमास्तरकीत गेला, त्यामुळे निरोप म्हटला की तो गाडीनेच जायचा. हिंगोलीच्या गार्डाने पूर्ण्याला दुसऱ्याच्या हाती दिलेली आणि त्याने शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलेली ती चिठ्ठी चार घड्यांची होती. आत एवढंच होतं : ‘गोदा सकाळी गेली. ताप होता. घाई करू नकोस.’ तारा ठोकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने जास्तीचा शब्द घातला नव्हता. मी दुपारच्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि सगळं आटोपलं होतं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. आत्याबद्दल काही लिहावं असं ती कोणी नव्हती. ती कुठे भाषणं द्यायला गेली नाही, तुरुंगात गेली नाही, शाळेचा उंबराही तिने ओलांडला नव्हता. पण तिच्याबाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे, आणि तिला ओळखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत...

गोदाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती भावाकडे परत आली. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मला समजू लागलं तेव्हापासून ती घरातच होती. हिंगोलीच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. समोर रूळ, मागे तुरीची शेतं, आणि दिवसातून चार वेळा गाडी. करमणूक म्हणून दुसरं काही नव्हतं, आणि आम्हाला त्याची गरजही पडली नाही, कारण आत्या नकला करायची. नकला म्हणजे वेडंवाकडं तोंड करणं नव्हे. ती चुलीपुढे बसल्याबसल्या एकदम कोणीतरी दुसरीच होऊन जाई. आमच्या स्टेशनावर सांधेवाले म्हणून गफूरचाचा होते. गाडी येण्याआधी रुळांचे सांधे बदलायचं त्यांचं काम. त्यांची बकरी नेमकी गाडीच्या वेळेला रुळावर जाऊन उभी राहायची. आत्या पदराचं टोक खांद्यावर झेंड्यासारखं टाके, एक डोळा बारीक करी आणि म्हणे, “मास्तरसाब, गाडी आती, सिग्नल गिर गया, पर बकरी हटती नै. बकरी किसकी पूछे तो... हमारीच है.” आई हसून हसून पोळी करपवायची. एकदा गफूरचाचा दाराशी उभे राहून हे ऐकत होते. ते म्हणाले, “बराबर है बाई. पर हम खाँसते भी हैं, वो रह गया.” दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या नकलेत खोकला आला.

ती हे कसं करते ते मला लहानपणी एकदा दिसलं होतं. कोणी बोलत असलं की ऐकताऐकता तिचे ओठ अगदी किंचित हलत. बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द ती मागोमाग स्वतःच्या तोंडात घेऊन बघे. पदराआडून दिसायचं नाही कुणाला. मी बुटकी होते, खालून बघायची, म्हणून मला दिसायचं.

आठव्या वर्षी मला सिकंदराबादेला मिशनच्या शाळेत घातलं. रेल्वेचा पास होता आणि बाबांना मुलीला इंग्रजी शिकवायची हौस होती. तिथे आपली भाषा बोलताना सापडलं की गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत. ती पाटी दुसरी कोणी तशीच सापडेपर्यंत काढता येत नसे. साहजिकच सगळ्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे कान लावून असत. मला ती पाटी कधीच घालावी लागली नाही, कारण मी बोलतच नसे. यासाठी मला गुणी म्हणत. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर दिवसभरात आपलं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं असे, आणि खरं सांगणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून शाळेच्या मदर हात फिरवत. त्या हातासाठी मी न केलेल्या चुकासुद्धा सांगितल्या आहेत.

सुट्टीत घरी आले की पहिले दोनतीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आई काळजी करी. आत्या मात्र मला घेऊन मागच्या पायरीवर बसे आणि विचारी, “तुमची ती मदर कशी चालते गं? अशी? का अशी?” मी मानेने हो-नाही करी. तिसऱ्या दिवशी आत्या मदर झालेली असे. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना ती असलं काही खणखणीत इंग्रजी बोले की मला तिचा एकेक शब्द समजल्यासारखा वाटे. मग मी हसे, आणि हसले की बोलू लागे. वर्षातून दोनदा माझी वाचा मला आत्याने परत आणून दिली आहे.

मी बारा वर्षांची असताना बाबांची बदली व्हायची होती. आत्या तिशी ओलांडून गेली होती. नातेवाइकांची बोलणी तर कायमचीच होती. विधवा बाई, सांधेवाल्यांच्या नकला करते, हसणं फलाटापर्यंत ऐकू जातं. बाबा असल्या बोलण्याला भीक घालणारे नव्हते. केशवपनाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी काकांना तोंडावर गप्प केलं होतं. त्यांना घोर होता तो वेगळा. माझ्यानंतर हिचं काय? त्याच वर्षी औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका मठाच्या माई हिंगोलीत आल्या. त्या मठात विधवा, टाकलेल्या, निराधार अशा पंधरावीस बायका राहत. माईंचं प्रवचन बाबांनी ऐकलं. माई गोड बोलत, आवाज कधी चढत नसे. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे आलेल्या बाईला पुन्हा रडू येत नाही. हा माझा शब्द.” बाबा घरी आले ते हाच शब्द घेऊन. त्या रात्री जेवताना त्यांनी तो दोनदा सांगितला.

आत्या ताटं उचलत होती. ती आईला म्हणाली, “वहिनी, तिथं रडू येत न्हाई म्हणतात.”

“मग बरंच आहे की,” आई म्हणाली.

“अन् हसू?”

आईने तिच्याकडे बघितलं नाही. बाबा हात धुवायला उठले. आत्या कुणाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती, आणि भावाच्या तर नाहीच. तो आपल्या सुखासाठीच धडपडतो आहे हे तिला दिसत होतं. मला वाटतं, म्हणूनच ती नाही म्हणू शकली नाही.

मे महिन्यात बाबा, आत्या आणि मी छकड्यातून मठात गेलो. मठ स्वच्छ होता. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, दोन कडुनिंब, आणि ओटीवर वाती वळत बसलेल्या बायकांची रांग. सगळ्यांची लुगडी एकाच रंगाची होती. दुपारपर्यंत तिथे मौन असे. घंटा झाली की बोलायचं, घंटा झाली की थांबायचं. मला ते सगळं ओळखीचं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. कुठे कसं उभं राहायचं ते मला तिथे कुणी सांगावं लागलं नाही.

मठात राहायला येणाऱ्या बाईने आपली सगळ्यात आवडती एक गोष्ट हातावर पाणी घेऊन सोडायची असा नियम होता. यात नवल नव्हतं. काशीला जाऊन आलेलं माणूस आपल्याकडे एखादं फळ, एखादी भाजी जन्माची सोडतंच. माझ्या आजीने कारलं सोडलं होतं. तिने ते त्याआधीही कधी खाल्लं नव्हतं. माईंच्या पुढ्यात आत्या बसली, तळहातावर पळीभर पाणी घेतलं. माईंनी विचारलं, “बाई, काय सोडलंस?”

आत्या म्हणाली, “फणस.”

बाबांनी खाली बघितलं. त्यांच्या मिशा हलल्या. आमच्या मुलखात फणस दिसतो कुठे? आमच्या घरात तो एकदाच आला होता. एका गार्डाने सिकंदराबादेहून आणला होता, आणि एक गरा खाऊन आत्या त्याच्या वासाने दिवसभर डोकं धरून बसली होती. ती अगदी भोळ्या चेहऱ्याने माईंकडे बघत होती. मला आज कळतं की ती तिची त्या घरातली पहिली नक्कल होती. एका भाबड्या भाविक बाईची.

माई हसल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. “बाळ, तू तर मोठ्या इंग्रजी शाळेत शिकतेस म्हणे. तिथे खरं बोलायला शिकवत असतील. आत्याला फणस फार आवडतो का?”

मी उभी राहिले. शाळेत उभं राहतात तशी, हात सरळ सोडून. मी म्हणाले, “तिला फणस आवडत नाही. तिला नकला करायला आवडतात.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. बिनतिकीट प्रवास करताना सापडलेला माणूस तिकीट तपासणाऱ्याकडे बघून कसनुसं हसतो, तसं ती थोडंसं हसली. माईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “मग तेच सोड, बाई,” त्या आत्याला म्हणाल्या. “कुणाची नक्कल करणार नाही, म्हण.” आत्या तसं म्हणाली. तिच्या बोटांमधून पाणी खालच्या ताम्हनात पडलं. त्या मठात तिच्या केसांना कधी कोणी हात लावला नाही. हात लावला तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि ती गोष्ट कुठे ठेवली आहे ते मी दाखवून दिलं होतं.

परतताना बाबा म्हणाले, “सुखात राहील ती.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “राहील सुखात.” मी हो म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही तिला भेटायला जात असू. भेट ओटीवर, माईंच्या समोर. पहिल्या वर्षी बाबा बदलीची हकीकत सांगत असताना मी खालून बघितलं. आत्याचे ओठ हलत होते. मला हायसं वाटलं. दुसऱ्या वर्षीही हलत होते. तिसऱ्या वर्षी निघताना तिने मला अचानक विचारलं, “गफूरचाचा बरे आहेत ना गं?” मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, “नक्की?” बाबांनीही सांगितलं की परवाच भेटले, बकरी विकली, खोकला तसाच आहे. आत्याने मान हलवली. तिने हे का विचारलं असेल हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा तासभर बोलले, आणि आत्याचे ओठ मिटलेलेच राहिले. माई कौतुकाने म्हणाल्या, “पाहा मास्तर, किती शांत झाली.” बाबांनी हात जोडले.

माईंनी फसवलं असं मला म्हणवत नाही. त्याही कधीतरी कुणाच्या तरी पुढ्यात हातावर पाणी घेऊन बसल्या असतील. त्यांनी काय सोडलं होतं, ते कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

अशी नऊ वर्षं गेली. गेल्या वर्षी रझाकारांच्या धामधुमीत रस्ते धोक्याचे झाले, मठाला येणारं धान्य थांबलं. माई वऱ्हाडात आपल्या भावाकडे निघून गेल्या, आणि जन्मभराचं घर म्हणून जिथे आणलं होतं तिथल्या बायकांना एका दुपारी सांगण्यात आलं की जिला जिथे जाता येईल तिथे तिने जावं. आत्या एका शेतकऱ्याच्या गाडीत कडब्यावर बसून हिंगोलीला आमच्या दारात आली. आई तिला बघून रडली. आत्या तिच्याकडे नुसती बघत उभी राहिली. माईंचा शब्द तेवढ्यापुरता खरा ठरला होता.

ती आमच्याकडे दहा महिने राहिली. दुपारपर्यंत बोलत नसे. घंटा नव्हती, तरी सूर्य डोक्यावर आला की तिला कळे. मी सुट्टीत आले तेव्हा एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो. मी कितीतरी दिवस जुळवलेलं वाक्य एकदाचं बोलले. “आत्या, त्या दिवशी मी सांगायला नको होतं.”

“काय गं?”

“फणसाचं.”

तिने हातातली चिंच फोडली, चिंचोका बाजूला टाकला. “तू नसतं सांगितलं तर मीच सापडले असते एखाद्या दिवशी. माझं तोंड काय गप बसणार होतं?” मग म्हणाली, “दोन वर्षं तर मजेत गेली बघ. मौन असायचं ना, त्यात कोण कोणाची नक्कल करून राहिलंय ते कोणाला दिसतंय? मी मनातल्या मनात करायची. माई करायची. तुझी मदर करायची. दादा करायची. सगळे यायचे बोलावलं की...”

“आणि मग?”

“मग एक दिवस गफूरचाचांना बोलावलं. आलेच न्हाईत. खोकला आला नुसता, माणूस न्हाई. मला मोठी काळजी वाटली. म्हटलं, गेले की काय बिचारे.” ती हे गमतीने सांगावं तसं सांगत होती. “नंतर दादा यायचे थांबले. मग वहिनी. तू सगळ्यात शेवटपर्यंत येत होतीस. तू बोलतच न्हाईस, तुझं काय, नुसतं उभं राहायचं.”

मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. चिंचा फोडून झाल्या, तिने टोपली आत नेली.

गफूरचाचा तिला भेटायला आले ते पावसाळ्यानंतर, मी दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना. त्या दिवसांत हिंगोलीत माणसं एकमेकांच्या गल्लीत जायला बिचकत होती. म्हातारे चाचा काठी टेकत भर दुपारी आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. चहा झाला. चाचांना काय घडलं होतं ते बाबांनी केव्हातरी सांगितलं असावं. ते आत्याला म्हणाले, “बाई, मेरी नक्कल करो ना. बहोत साल हो गए. अब हमको हमारी आवाज कोई सुनाताच नै.”

आत्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. तिने पदर नीट केला, डोळा बारीक केला. “मास्तरसाब,” ती म्हणाली, “गाडी आती, सिग्नल गिर गया...” शब्द सगळे बरोबर होते. खोकलाही होता. पण ओसरीवर गफूरचाचा एकच होते, समोर बसलेले. दुसरे कोणी आले नाहीत. एखादी मुलगी पाठ केलेला धडा म्हणून दाखवते, तसं आत्याने ते शेवटपर्यंत म्हटलं. चाचांनी काठी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. “बराबर. एकदम बराबर, बाई.” आत्याला बरं वाटलं. निदान तिने तसं दाखवलं. बाबा चाचांना पोचवायला फाटकापर्यंत गेले, मी मागे होते. चाचा हळू आवाजात म्हणाले, “साब, वो हम नै थे.” फाटक लावून बाबा तिथेच उभे राहिले, मग पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

पुढच्याच महिन्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिची एक सवय मी अजून सांगितलेली नाही. लिहायची टाळत आले. मठात विचारल्याशिवाय काही घ्यायचं नसे. आमच्याकडे आल्यावरही ती माठापाशी जाऊन थांबे आणि घरात जो कोणी असेल त्याला विचारी, “पाणी घेऊ?” आई म्हणे, अगं घे की. तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारी. आवाजात लाचारी नसे, आर्जव नसे. नुसतं विचारलेलं असे. बाबा घरात असले की हा प्रश्न ऐकताच उठून बाहेर जात.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि आई स्वयंपाकघरात भांडी लावत होतो, बाबा बाहेर खुर्चीत पेंगत होते. आई म्हणाली, “तेरा दिवसांत मला तिचा आवाज आठवेनासा झाला बघ. मघापासून आठवून राहिले.” मी आजवर कुणाची नक्कल केलेली नाही. चार माणसांत मला स्वतःच्या आवाजातसुद्धा बोलवत नाही. मी माठापाशी उभी होते. माझे ओठ हलले आणि मी म्हणाले, “पाणी घेऊ?”

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. तो आवाज माझा नव्हता.

बाहेरून बाबा झोपेतच म्हणाले, “घे ना गोदे. विचारत नको जाऊ.”

मग खुर्ची करकरली. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते आत आले, माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्याने पाणी घेऊन पितळी पेला काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. थोडं पाणी खाली सांडलं.

मला तहान नव्हती. मी सगळं पाणी प्याले.